तीन इंजिनांची बीएसए : एका एम२० मोटारसायकलचा माग आणि डागडुजी

या प्रकरणातल्या माणसांची नावं, गाव आणि गाडीचे नंबर गाळले आहेत. बाकी सगळं घडलं तसं लिहिलं आहे. माझ्याकडे काम होतं गाडीचा इतिहास शोधण्याचं आणि कागदपत्रांची फाइल बांधण्याचं. यंत्राचं काम पुण्यातल्या एका जुन्याजाणत्या मिस्त्रींनी केलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून इथंही चाचाच.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात वाड्याच्या गोठ्यालगतच्या खोलीत, कडब्यामागे, एक मोटारसायकल कित्येक वर्षं उभी होती. आजोबा गेले आणि गाडी थांबली ती थांबलीच. वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा खोली रिकामी करताना नातवानं ती बाहेर ओढली. बीएसए एम२०. दोन्ही टायर विरलेले, सीटच्या स्प्रिंगा उघड्या, कार्बोरेटरवर पांढरट भुकटी चढलेली. पण मुख्य म्हणजे गाडी सगळीच्या सगळी जागेवर होती. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे फार मोठं भाग्य. बहुतेक ठिकाणी मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग), हेडलाइट आणि टाकी ही कधीच कुणीतरी नेलेली असतात.

एम२० ही मुळात कष्टाची गाडी. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका बनवणारा कारखाना. कंपनीच्या खुणेत एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली आहेत त्या त्यामुळेच. व्हॅल पेज या अभियंत्यानं १९३७ च्या सुमारास एम मालिका आखली. एक सिलेंडर, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह (झडपा सिलेंडरच्या बाजूला), ताकद जेमतेम १३ अश्वशक्ती, वजन १७० किलोच्या आतबाहेर. पुढं गर्डर फोर्क (लोखंडी चौकटीचा, स्प्रिंगचा जुना फोर्क), मागं सस्पेन्शनच नाही. वेगाच्या बाबतीत तिच्याकडून कुणी काही अपेक्षा ठेवली नाही, पण चिखलात, वाळूत, वाईट पेट्रोलवर आणि शिकाऊ हातांखाली ती चालत राहायची. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथमधल्या कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले, ५३ कामगार मारले गेले. तरीही युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यासाठी सुमारे १ लाख २६ हजार एम२० तयार झाल्या. त्यातल्या काही भारतात आल्या, आणि युद्धानंतर सैन्याचा जादा माल म्हणून लिलावात निघाल्या. आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी ‘डिस्पोजलची जीप’, ‘डिस्पोजलची मोटारसायकल’ असतं ते या मालाबद्दल.

या घरात मात्र गाडीची गोष्ट वेगळी सांगितली जायची. आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीला होते. तिथं त्यांनी एका इंग्रज अधिकाऱ्याचा जीव वाचवला, त्यानं खूश होऊन आपली मोटारसायकल त्यांना दिली, आणि आजोबा ती बोटीतून घेऊन मुंबईला उतरले. नातवानं ही गोष्ट मला फोनवरच सांगितली, आणि पुढं म्हणाला, “म्हणूनच गाडी मिलिटरी हिरवी करायची आहे. इटलीत होती तशीच.”

गोष्ट पटण्यासारखी का वाटते हेही सांगायला हवं. आपल्या भागातल्या घरांत इटलीची लढाई खरोखरच पोचलेली आहे. आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली. यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या पराक्रमासाठी मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या, सेनियो नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघंही मराठा लाइट इन्फंट्रीचे. ज्या घरातला माणूस तिथून परत आला, त्या घरात इटलीबद्दल बोलणं होणारच.

अडचण

तीन गाठी होत्या आणि त्या एकमेकींत अडकलेल्या होत्या.

पहिली कागदांची. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत जुनं आरसी बुक होतं, घडीचं, कापडी पाठीचं, मुंबई इलाख्याच्या छापील नमुन्यातलं. त्यावरचा नोंदणी क्रमांक ‘बीएम’नं सुरू होणारा, म्हणजे मुंबई शहरातला. चासी नंबर, म्हणजे फ्रेमचा नंबर, गाडीवरच्या नंबराशी तंतोतंत जुळत होता. इंजिन नंबर जुळत नव्हता. आणि आरसी बुकाची मधली पानं ओलीनं एकमेकांना घट्ट चिकटली होती.

दुसरी वारसांची. गाडी अजून आजोबांच्याच नावावर. दोन मुलगे आणि एक मुलगी. मोठा मुलगा वारलेला, त्याचा मुलगा म्हणजे हा नातू. गाडी नातवाच्या नावावर करायची तर सगळ्यांची संमती लागणार होती.

तिसरी रंगाची. गाडीचा वरचा रंग मळकट काळा दिसत होता. टाकीवर त्याखाली काहीतरी अक्षरं असल्याचा भास होत होता. नातवानं माझ्याकडे यायच्या आधी जवळच्या एका गॅरेजमध्ये गाडी ‘साफ करायला’ दिली होती आणि तिथल्या मुलानं टाकीच्या डाव्या बाजूवर तारेचा ब्रश फिरवायला सुरुवात केली होती. निम्मी बाजू चकचकीत पत्रा झाल्यावर नातवाला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं काम थांबवलं. उजवी बाजू त्यामुळे वाचली.

शोध : आधी नंबर, मग माणसं

गाडीला हात लावण्याआधी नंबर घेणं हा अशा कामातला पहिला नियम. एम२० चा फ्रेम नंबर पुढं, हँडलच्या मुळाशी डाव्या अंगाला असतो. इंजिन नंबर डाव्या क्रँककेसवर, सिलेंडरच्या पायाशी. दोन्हीकडे युद्धकाळातल्या गाडीला ‘डब्ल्यूएम२०’ हे अक्षरांकन आणि पुढं आकडे. आरटीओतले एजंट करतात तसा चासी प्रिंट घेतला: नंबरावर कागद, वरून पेन्सिल, मग पारदर्शक टेप. शिवाय तिरप्या उजेडात फोटो काढले. तिरपा उजेड यासाठी की खोटा नंबर ठोकायच्या आधी जुना नंबर कानशीनं घासून काढावा लागतो, आणि घासलेली जागा समोरून सपाट दिसली तरी बाजूच्या उजेडात बशीसारखी दबलेली दिसते. भारतातून गेलेल्या एम२० वर परदेशातले जाणकार आधी संशय घेतात तो याच कारणासाठी. या गाडीवर दोन्ही ठिकाणी ओतीव धातूचा मूळ खरबरीतपणा शाबूत होता. नंबर जुळत नव्हते, पण दोन्ही खरे होते.

युद्धकाळातल्या गाड्यांच्या बाबतीत ‘मॅचिंग नंबर’चा, म्हणजे फ्रेम आणि इंजिन कारखान्यातून एकत्र निघालेलंच असावं असा, आग्रह धरण्यात अर्थ नसतो. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिन उतरवून तयार असलेलं दुसरं चढवलं जायचं, गाडी त्याच दिवशी परत कामावर. कुठलं इंजिन कुठल्या फ्रेमचं याची फिकीर तिथं कुणाला असणार!

बीएसएच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांच्या नोंदवह्या इंग्लंडमध्ये जपलेल्या आहेत आणि तिथले जुन्या मोटारसायकलींचे क्लब त्यावरून दाखला देतात. प्रिंट, फोटो आणि फी पाठवली. उत्तर आलं त्यात फ्रेम १९४१ मध्ये सैन्याच्या एका करारातून रवाना झाल्याचं होतं, आणि तिच्यासोबत गेलेल्या इंजिनाचा नंबरही होता. तो नंबर ना आरसी बुकातला होता, ना गाडीवरचा. म्हणजे या फ्रेममध्ये आतापर्यंत निदान तीन इंजिनं बसली होती.

मग आरसी बुकाची पानं. ती ओढून उघडली असती तर शाईसकट निघाली असती. एका झाकणाच्या डब्यात तळाशी ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर पुस्तक, असं ते दमट हवेत ठेवलं. कागद मऊ पडल्यावर हाडाच्या पातळ पट्टीनं कोपऱ्यापासून हळूहळू सोडवत गेलो. आत मालकी बदलाच्या नोंदी होत्या. पहिली नोंदणी १९४९, मुंबई, मालक म्हणून भलत्याच माणसाचं नाव. मग आणखी एक मालक. आणि १९५७ मध्ये आजोबांचं नाव. त्याच्या पुढच्या पानावर रबरी शिक्का, पुसट जांभळी सही, आणि हातानं लिहिलेली इंजिन बदलल्याची १९६३ ची नोंद, नव्या इंजिन नंबरासह. तो नंबर गाडीवरच्या इंजिनाचाच होता.

कागदाची बाजू या एका पानानं फिरली. गाडीवरचं इंजिन चोरीचं नाही, नोंदणी अधिकाऱ्यासमोर नोंदवून बदललेलं आहे, हे आता दाखवता येत होतं.

पण त्याच पुस्तकानं घरातली गोष्ट मोडली. आजोबांच्या डिस्चार्ज बुकाप्रमाणे ते १९४६ मध्ये घरी आले. गाडी १९४९ मध्ये मुंबईत दुसऱ्याच माणसाच्या नावावर होती. शिवाय मोटारसायकल ही सरकारी मालमत्ता. कुणा अधिकाऱ्यानं ती बक्षीस द्यावी आणि हवालदारानं सैनिकांच्या बोटीत चढवून घरी आणावी, हे घडणं शक्य नव्हतं.

हे सांगायचं कधी? नातवाचं म्हणणं होतं, गाडी तयार होऊन घरी आल्यावर बघू. मी उलट आग्रह धरला. कुठला रंग द्यायचा हे ठरायच्या आधीच सगळ्यांना कळायला हवं होतं, कारण हिरव्या रंगामागचं एकमेव कारण ती गोष्ट होती.

म्हणून आम्ही आत्यांकडे गेलो. आजोबांची मुलगी, वय ऐंशीच्या पुढं, बोलणं स्वच्छ. संमतीपत्रावर त्यांची सही हवी होतीच. आरसी बुकाच्या झेरॉक्स पाहून त्या जराही चमकल्या नाहीत.

“इटलीहून आणली असं अण्णा कधीच म्हणाले नाहीत. ते गेल्यावर गावात सत्कार झाला ना सैनिकांच्या घरच्यांचा, तिथं कुणीतरी भाषणात ठोकून दिलं. मग पोरं तेच सांगायला लागली. अण्णांनी ही गाडी पैसे साठवून घेतली. मला आठवतंय, आई आठवडाभर बोलत नव्हती त्यांच्याशी.”

“मग हीच गाडी का घेतली, आत्या?”

“अरे, लढाईत हीच तर चालवायचे ते! कागद पोचवायचे इकडून तिकडे. म्हणायचे, हिचा एकूण एक नट मला ठाऊक आहे.”

त्यांनी कपाटातून पदकं काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या पदकांवर भारतीय सैनिकाचा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं, तशीच ही होती. ब्रिटिश सैनिकांना मिळालेली हीच पदकं कोरी असत. इटली स्टारच्या मागं आजोबांचा नंबर, नाव आणि सिग्नल कोअरची आद्याक्षरं होती. घरात सगळे त्यांना मराठा पलटणीतले समजत होते. आजोबा सिग्नल्समधले डिस्पॅच रायडर होते.

माझ्या मते ही खरी गोष्ट त्या बक्षिसाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी आहे. ज्या यंत्रावर बसून बॉम्बगोळ्यांतून निरोप पोचवले, त्या जातीचं यंत्र एका माणसानं दहा-अकरा वर्षांनी स्वतःच्या पैशानं विकत घेतलं आणि मरेपर्यंत वापरलं.

सही करायच्या आधी आत्यांनी एक अट घातली. “टाकीला हात लावायचा नाही. त्यावर आमच्या गावच्या पेंटरनं लिहिलंय.”

रंगाखाली काय होतं

टाकीच्या उजव्या बाजूवरचा मळकट काळा थर हा रंग नव्हताच. गोठ्यातला धूर, तेल आणि धूळ यांची ती साय होती. कापसाचे बोळे, कोमट पाणी आणि सौम्य साबण घेऊन वीतभर जागा साफ केली तेव्हा आतून गडद तांबूस रंग, त्यावर सोनेरी रेघ, आणि रेघेच्या आत देवनागरीत ‘बी. एस. ए.’ अशी वळणदार अक्षरं निघाली. मागच्या मडगार्डवर त्याच हातानं काढलेलं ‘श्री भवानी प्रसन्न’. पेंटरनं ‘ए’च्या मात्रेला शेवटी छोटा गोल दिलाय, जुन्या दुकानांच्या पाट्यांवर दिसतो तसा.

टाकीच्या खालच्या कडेला, सहसा दिसणार नाही अशा जागी, थर तपासायला नाण्याएवढी खिडकी केली. हजार नंबरचा वॉटर पेपर, पाणी आणि खूप धीर. तांबड्याखाली काळा, काळ्याखाली प्रायमर, आणि सगळ्यांत तळाशी मातकट हिरवा. म्हणजे सैन्याचा रंग खरोखर होता, पण तीन थरांखाली. डाव्या बाजूला, जिथं तारेचा ब्रश फिरला होता त्याच्या काठावर, पांढऱ्या रंगातलं ‘सी’ अक्षर आणि एका आकड्याचा अर्धा भाग उरला होता. ब्रिटिश सैन्यात मोटारसायकलींच्या नंबराआधी हेच अक्षर टाकीवर रंगवत असत. पुढचे आकडे ब्रशनं नेले.

पर्याय

रंगाच्या बाबतीत तीन वाटा होत्या. पहिली, सगळं खरवडून मिलिटरी हिरवा. रॅलीत लोक अशा गाडीभोवती गोळा होतात, विकायला काढली तर किंमतही चांगली येते. एका व्यापाऱ्यानं तर नातवाला सांगितलं होतं की हिरवी करून द्या, ‘मॅचिंग’ इंजिन नंबरही ठोकून देतो. ते ऐकून चाचांनी त्याच्याशी बोलणंच बंद केलं. नंबर बदलणं हा गुन्हा आहे, आणि या गाडीच्या बाबतीत तो मूर्खपणाही ठरला असता, कारण खऱ्या नंबराची सरकारी नोंद हातात होती.

दुसरी वाट, आजोबांच्या काळातला तांबडा रंग नव्यानं काढून घेणं, सोनेरी रेघांसकट. नातवाच्या काकांना हे हवं होतं. गाडी देखणी झाली असती. पण गावचा पेंटर केव्हाच गेला. त्याच्या अक्षरांवर दुसऱ्याचा हात फिरला असता.

तिसरी, आहे तो रंग राखायचा, यंत्र मात्र पूर्ण नीट करायचं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, फिवानं, स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेतला विचारही याच बाजूचा आहे: गाडीच्या आयुष्यात वापरातून झालेले बदल हा तिच्या इतिहासाचाच भाग आहे. मी तिसऱ्या वाटेच्या बाजूनं होतो आणि ते स्पष्टपणे बोललोही. या फ्रेमला १९४१ पासून पाहिलं तर सैन्यातली वर्षं थोडी आणि या घरातली फार जास्त आहेत. हिरवी एम२० जगात हजारोंनी आहे. देवनागरी बीएसए मी दुसरी पाहिलेली नाही.

आत्यांच्या अटीमुळे वाद लांबला नाही. काका अजूनही पूर्ण राजी नाहीत, पण त्यांनी सही केली.

कागदांच्या बाबतीतही निवड होती. १५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी यात बसते. नव्यानं नोंदणी केली तर ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो; आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर राखता येतो. नव्या नोंदणीची फी २० हजार, पुढच्या फेरनोंदणीची ५ हजार रुपये. मोबदल्यात बंधन असं की रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच.

प्रश्न होता ‘इंजिनमध्ये फेरफार’ या शब्दांचा. एका एजंटचं म्हणणं, इंजिन बदललंय म्हणजे अर्ज फेटाळला जाणार, सरळ इंजिन बदलल्याचं दडवा. आम्ही उलट केलं. एम२० च्या फ्रेममध्ये एम२० चंच इंजिन आहे, बदल १९६३ मध्ये अधिकृतपणे नोंदलेला आहे, आणि ती नोंद हीच आमच्या बाजूची सगळ्यांत भक्कम गोष्ट आहे, असं फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलं. सोबत इंग्लंडहून आलेला दाखला, तिन्ही नंबरांचा तक्ता, फोटो.

यंत्राचं काम

चाचांनी पहिल्या दिवशी हत्यारं बाजूला ठेवायला लावली. या गाडीचे नट इंचात, व्हिटवर्थ मापाचे. बारीक आटे इंचाला २६ चे, सायकल थ्रेड म्हणतात ते. आपल्याकडचे मिलिमीटरचे पाने त्यावर जवळजवळ बसतात, आणि त्या ‘जवळजवळ’मध्येच नटांचे कोपरे गोल होतात. या गाडीवरचे अर्धे नट असेच गोल झालेले होते. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी व्हिटवर्थ पान्यांचा जवळपास पूर्ण संच मिळाला. दोन ठिकाणी कुणीतरी मिलिमीटरचे आटे पाडून ठेवले होते. तिथं लेथवर बूश करून मूळ आटे परत आणले.

सिलेंडर आधीच बऱ्याच वेळा बोअर झालेला होता, आणखी बोअर करायला भिंत उरलेली नव्हती. स्लीव, म्हणजे आत नवी नळी, टाकून स्टँडर्ड मापावर आणला. क्रँक उघडून बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे) रोलर आणि पिन बदलली. फूटरेस्टला रबर नाही म्हणून नातू रबरी फूटरेस्ट शोधायला निघाला होता; चाचांनी थांबवलं. जपाननं मलाया घेतल्यावर रबराचा तुटवडा झाला, मग सैन्याच्या गाड्यांना नुसत्या लोखंडी फूटरेस्ट आणि कॅनव्हासच्या मुठी आल्या. फ्रेम १९४१ ची असली तरी या फूटरेस्ट सैन्यातच पुढं कधीतरी बसल्या असणार. त्या ठेवल्या.

टाकी हा नाजूक भाग होता: आत गंज, बाहेर जपायचा रंग. नेहमीची पद्धत म्हणजे नट-बोल्ट आणि डिझेल घालून टाकी खळखळवायची. त्यात बाहेरचा रंग उडाला असता. म्हणून धुण्याच्या सोड्याचं पाणी आत भरलं, मधोमध टाकीला कुठंही न टेकणारी लोखंडी सळई सोडली, बॅटरी चार्जरची धन तार सळईला आणि ऋण तार टाकीला. गंज आतल्या आत सुटत गेला. हे काम मोकळ्या हवेतच करायचं, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. आणि सळई स्टेनलेस स्टीलची चालत नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा विचार करून आतून रेझिनचा लेप देणं टाळलं. काही लेप इथेनॉलनं सुटतात आणि सोललेले तुकडे थेट कार्बोरेटरमध्ये जातात.

गाडी सुरू झाली तेव्हा सगळ्यांना काम संपल्यासारखं वाटलं. कार्बोरेटर तुडुंब करायचा, इग्निशनचा लिव्हर मागं, डिकॉम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून पिस्टन पुढं, मग एक सणसणीत किक. पण पाव तास चालली की ती मरायची, आणि गार झाली की पुन्हा मुकाट्यानं सुरू. दोघा-तिघांनी कार्बोरेटरवर बोट ठेवलं. चाचा म्हणाले, “गार असताना चालते, गरम झाली की मरते. हे पेट्रोलचं दुखणं नाही, करंटचं आहे.” गाडी मेल्याक्षणी प्लग काढून सिलेंडरला टेकवला, किक मारली: ठिणगी नाही. लुकासच्या मॅग्डायनोच्या (मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र असलेल्या भागाच्या) आर्मेचरमध्ये, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या गुंडाळीत, जो जुना कंडेन्सर असतो तो तापला की दगा देतो. वायंडिंगवरची शेलॅकही (लाखेचा लेप) उष्णतेनं पाघळते.

इथं पुन्हा दोन वाटा. बॅटरी-कॉइल बसवलं असतं तर काम एका दुपारचं आणि खर्च थोडका. मॅग्नेटो रिवाइंड करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागणार. पण ‘मूळ स्वरूपात राखलेली’ असं अर्जात लिहून मग इग्निशन बदलणं योग्य ठरलं नसतं. आर्मेचर नव्यानं गुंडाळून घेतलं, कंडेन्सर नवा टाकला. आता गाडी तापली तरी थांबत नाही.

निष्पत्ती

फॉर्म ३१ नं गाडी वारसाहक्कानं नातवाच्या नावावर झाली. विंटेज नोंदणीच्या अर्जावर अधिकाऱ्यांनी इंजिनाबद्दल विचारलंच. १९६३ चं पान दाखवल्यावर दुसरा प्रश्न आला नाही. जुना ‘बीएम’ नंबर कायम राहिला.

टाकीची उजवी बाजू साफ करून मेणाचा पातळ थर दिला आहे. डाव्या बाजूच्या उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून पारदर्शक लॅकर मारला, तांबडा रंग भरला नाही. ब्रशच्या खुणा आणि ते ‘सी’ अक्षर दोन्ही दिसतं. गाडीसोबत एक फाइल आहे: नंबरांचे प्रिंट, दाखला, आरसी बुकाच्या प्रती, पदकांच्या पाठीचे फोटो, आणि आत्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत, सहीसह.

वेगळं काय करता आलं असतं

तारेच्या ब्रशनं जे गेलं ते कशानंही परत येणार नाही. सैन्याचा पूर्ण नंबर टाकीवर मिळाला असता तर गाडीच्या युद्धकाळातल्या नोंदींकडे जायला आणखी एक दार उघडलं असतं. गोठ्यातून गाडी बाहेर काढल्यावर पहिलं काम फोटो काढणं आणि दुसरं काम काहीही न करणं, इतकं जरी कुणी त्या घरी आधी सांगितलं असतं!

माणसांकडे जायचा क्रमही बदलायला हवा. नातू आधी एजंटांकडे गेला, मग व्यापाऱ्याकडे, मग माझ्याकडे. आत्यांकडे सगळ्यांत शेवटी, आणि तेही सहीसाठी. गाडीबद्दल सगळ्यांत जास्त माहिती त्यांच्याकडे होती आणि त्या दोन तासांच्या अंतरावर राहत होत्या. अशा प्रकरणात घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचं बोलणं सुरुवातीलाच नोंदवून घ्यावं, आणि घरातल्या बायकांना मुद्दाम विचारावं. गाडी कुणी चालवली हे पुरुष सांगतात. ती कधी घेतली, पैसे कुठून आले, घरात त्यावरून काय झालं, हे बायकांना आठवतं.

स्लीवऐवजी त्याच काळातला दुसरा सिलेंडर शोधावा, असं एक मत होतं. मला ते अजूनही विचार करण्याजोगं वाटतं. स्लीव टाकल्यानं मूळ सिलेंडर राहिला, पण त्याच्या पोटातला धातू नवा आहे. मात्र दुसरा सिलेंडर म्हणजे आणखी एका गाडीचा तुकडा, आणि अर्जात पुन्हा एक स्पष्टीकरण. खर्च आणि वेळ पाहता चाचांचा निर्णय मला पटला.

एक गोष्ट अजून ठरायची आहे. मागची सीट गावातल्या चांभारानं शिवलेली, आजी बसायच्या ती. कातडं फाटलंय, आतला काथ्या निघालाय. काकांना ती बदलून हवी, आत्यांना नको. चाचांनी सुचवलंय की ती तशीच कापडात बांधून जपावी आणि बसण्यासाठी त्याच मापाची दुसरी करून घ्यावी. त्यावर दोघांचं अजून उत्तर आलेलं नाही, म्हणून सध्या गाडी एकाच सीटवर चालते.